विंडोज सोडताय? आधी फाइल उघडणारं अ‍ॅप बदला, मग सिस्टीम



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट कसं टाकायचं ते पाहिलं. पण टाकून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जो प्रश्न पडतो, त्याला व्हिडिओत जेमतेम दोन मिनिटं मिळाली. प्रश्न असा: "सर, मशीन मस्त चालतंय, पण माझी सीएसव्ही, ती जीएसटीची जेसन, टॅलीची एक्सएमएल... या सगळ्या आता कशात उघडू? नोटपॅड प्लस प्लस तर इथे नाहीच!" म्हणून हा लेख. चहा घेऊन बसा, थोडा लांब आहे.

आधी हा विषय आत्ताच का, ते बघू. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट बंद केला. ज्यांनी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपल्याकडे मिरजोळे एमआयडीसीतल्या छोट्या युनिटात किंवा घरच्या पडवीत आंब्याच्या पेट्यांचा हिशोब ठेवणारा कॉम्प्युटर बहुतेक वेळा त्याहून जुना असतो. मशीन धडधाकट, पण विंडोज ११ त्याला घेत नाही. नवीन घ्यायचं तर ते पैसे पॅकिंगमध्ये, लेबलमध्ये, कच्च्या मालात घालता आले असते. धंदा नुकताच सुरू करणाऱ्याने अशा वेळी लिनक्सचा विचार केला, तर मी त्याला अजिबात वेड्यात काढणार नाही.

फक्त क्रम चुकवू नका. बहुतेक जण आधी सिस्टीम बदलतात आणि मग फायली उघडायला काहीतरी शोधतात. उलटं करा. विंडोजवर असतानाच अशी अ‍ॅप घ्या जी विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही. महिनाभर रोजचं काम त्यांच्यात करा. हात बसला की मग सिस्टीम बदला. त्या दिवशी तुमच्यासाठी फक्त पडद्यामागचं चित्र बदलेल, काम तेच राहील.

आता या फायली म्हणजे नक्की काय? तुमच्या रोजकीर्दीला कसे खण असतात, तारीख, नाव, रक्कम, तसेच यांच्यातही असतात. सीएसव्हीमध्ये दोन खणांच्या मध्ये स्वल्पविराम असतो. जेसनमध्ये प्रत्येक किमतीच्या आधी तिचं नाव लिहिलेलं असतं आणि सगळं महिरपी कंसात बांधलेलं असतं. एक्सएमएलमध्ये प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजूला नावाच्या पट्ट्या असतात. तिन्ही साधा मजकूर आहे. कुठल्याही कंपनीच्या कुलपात नाही, कुठलाही टेक्स्ट एडिटर त्या उघडू शकतो. त्यामुळे "माझी फाइल लिनक्सवर उघडेल का" ही काळजी सोडा. काळजी दुसऱ्या गोष्टीची करायची: उघडल्यावर आणि सेव्ह केल्यावर ती तशीच राहील का?

इथे कोकणातल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त सावध राहावं लागतं. कारण आहे शून्य.

जीएसटीच्या बिलावर जो एचएसएन कोड लिहितो, त्यात आंबा ०८०४ मध्ये येतो. काजू आणि नारळ ०८०१. सुपारी ०८०२. गोठवलेली मासळी ०३०३, सुकी मासळी ०३०५, कोळंबी ०३०६. काळी मिरी ०९०४. म्हणजे आपल्या मातीतून आणि समुद्रातून जे येतं, ते जवळजवळ सगळं शून्याने सुरू होणाऱ्या कोडात बसतं. (फाइलीत अर्थातच इंग्रजी अंक असतात. इथे मी वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय. तुम्ही डेटात देवनागरी अंक टाकू नका, पोर्टल घेणार नाही.) आता ही सीएसव्ही डबल क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडा. प्रोग्रॅमला वाटतं हा आकडा आहे. आकड्याच्या पुढचं शून्य त्याच्या लेखी फालतू. ०८०४ चं झालं ८०४. तुम्ही एका ठिकाणी पत्ता दुरुस्त केला, कंट्रोल एस दाबलं, आणि सगळ्या ओळींतली शून्यं फाइलीतून कायमची गेली. ८०४ नावाचा चार अंकी कोड अस्तित्वातच नाही.

हे एवढ्यावर थांबत नाही. दिल्लीच्या खरेदीदाराचा राज्य कोड ०७, राजस्थानचा ०८. आपला महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, म्हणून जवळपास विकताना हे लक्षातच येत नाही. पहिली दिल्लीची ऑर्डर आली की दणका बसतो. रत्नागिरीचा एसटीडी कोड ०२३५२, त्याचंही शून्य उडतं.

मोठ्या आकड्यांची तऱ्हा वेगळी. एक्सेल बारा किंवा त्याहून जास्त अंकी संख्या सरळ दाखवत नाही, ई प्लस असं काहीतरी दाखवतं. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक १४ अंकी, बारकोड १३ अंकी, ई-वे बिल क्रमांक १२ अंकी. सगळे त्यात सापडतात. बारकोडचं उदाहरण घ्या. जीएस१ इंडियाचे बारकोड ८९० ने सुरू होतात आणि एका कंपनीच्या सगळ्या मालाचे सुरुवातीचे अंक सारखेच असतात. तुमचा आंबा पल्प, आंबावडी आणि कोकम सरबत यांचे कोड शेवटच्या काही अंकांतच वेगळे. एक्सेलने ते ई प्लसच्या रूपात दाखवले आणि तुम्ही तसेच सीएसव्हीत सेव्ह केले, तर जे दिसतंय तेच फाइलीत लिहिलं जातं. शेवटचे अंक गेले. आता तिन्ही मालांचा बारकोड एकच! लेबल छापणाऱ्याकडे ती फाइल गेली तर त्याची काय चूक? १६ अंकी बँक खातं असेल तर आणखी वाईट, कारण एक्सेल पंधराच अंक लक्षात ठेवतं, सोळावा शून्य करून टाकतं. आंबा बागायतदारांना एकत्र पैसे पाठवायची फाइल अशी बिघडली तर काय होईल, ते तुम्हीच बघा.

लॉट नंबरची गंमत तर विचारूच नका. मार्चच्या पहिल्या तोडीला कोणी इंग्रजीत "मार" आणि पुढे १ असा कोड दिला, तर एक्सेल त्याची १ मार्च ही तारीख करतं. हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं समजू नका. माणसाच्या जनुकांना नावं देणारी जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा करत होतं! शास्त्रज्ञ हरले, एक्सेल जिंकलं. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये हे आपोआप बदलणं बंद करायची सोय दिली, पण ती सेटिंगमध्ये जाऊन करावी लागते.

मग करायचं काय? सीएसव्हीसाठी लिबरऑफिस कॅल्क घ्या. मोफत आहे, विंडोजवर चालतं, लिनक्स मिंटमध्ये आधीपासून असतं. याची एक सवय मला फार आवडते. सीएसव्ही उघडायला गेलात की ते आधी एक खिडकी दाखवतं, टेक्स्ट इम्पोर्ट नावाची. लोक वाचतही नाहीत, सरळ ओके दाबतात. तिथेच तर सगळं आहे! वर कॅरेक्टर सेटमध्ये यूटीएफ-८ आहे का बघा. सेपरेटरमध्ये कॉमा. "डिटेक्ट स्पेशल नंबर्स" हा चौकोन रिकामा ठेवा. मग खाली तुमचे कॉलम दिसतात. एचएसएन, राज्य कोड, बारकोड, खाते क्रमांक, फोन, बिल नंबर, लॉट नंबर, यांच्या डोक्यावर एकेक क्लिक करा आणि कॉलम टाइप "टेक्स्ट" करा. आता ०८०४ हे ०८०४ च राहील. नियम सोपा आहे: ज्या आकड्याची तुम्ही कधी बेरीज करणार नाही, तो आकडा नाही, तो मजकूर आहे. खाते क्रमांकांची बेरीज कोणी करतं का?

सेव्ह करताना ते विचारेल की कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू. तिथे टेक्स्ट सीएसव्हीच ठेवा. विंडोजवर एक्सेलच वापरणार असाल, तर डबल क्लिक नको. डेटा मेनूतून "फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही" निवडा आणि डेटा प्रकार ओळखू नको असं सांगा.

तारखेकडे वेगळं लक्ष द्या, कारण सिस्टीम बदलताना नेमकी हीच चुपचाप बदलते. नव्या लिनक्समध्ये भाषा अमेरिकन इंग्रजी राहिली असेल, तर ०५-०४-२०२६ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? अमेरिकन पद्धतीत ते ४ मे होतं. बिल एका महिन्यातून उचलून दुसऱ्या महिन्यात! लिबरऑफिसच्या टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषेच्या विभागात जाऊन लोकेल "इंग्लिश इंडिया" करा. आणि इम्पोर्टच्या खिडकीत तारखेच्या कॉलमला डीएमवाय असा प्रकार द्या, म्हणजे आधी दिवस, मग महिना.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, पोर्टल चूक दाखवेल, दुरुस्त करू. करू, पण कधी? मासिक जीएसटीआर-१ ची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख, तिमाहीवाल्यांची १३. तुमच्या खरेदीदाराचं जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होतं. १० च्या रात्री फाइल अडली, तुम्ही गडबडलात, बिल राहिलं, तर त्या बिलाचं क्रेडिट त्याला त्या महिन्यात दिसत नाही. आणि मोठा खरेदीदार क्रेडिट दिसेपर्यंत पेमेंट सोडत नाही, हे ज्यांनी पुण्या-मुंबईत काजूगर दिलेत त्यांना सांगायला नको.

फक्त ताजा आंबा विकत असाल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. तरी ग्राहकांची यादी आणि कुरिअरची बल्क शीट तुमच्याकडे असतेच, त्यामुळे वरचं सगळं तुम्हालाही लागू.

जेसनकडे वळू. इथे आधी स्वतःला विचारा: मला ही फाइल बदलायची आहे की फक्त आत काय आहे ते बघायचंय? दहातल्या नऊ वेळा फक्त बघायचं असतं. त्याला एडिटर लागतच नाही. फायरफॉक्स उघडा, कंट्रोल ओ दाबा, फाइल निवडा. झाडासारखी उलगडलेली दिसेल, वर शोधायला जागाही आहे. बघण्याने फाइलीला धक्का लागत नाही. एक्सएमएलही तसंच उघडतं.

बदलायचंच असेल तर केट घ्या. विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर मोफत, फाइलीचे भाग रंगाने वेगळे दाखवतं, नको तो भाग मिटवून ठेवता येतो. माझी पसंती यालाच. व्हीएस कोडही दोन्हीकडे चालतं. जेसनमध्ये कंस राहिला की लगेच लाल रेघ दाखवतं आणि एका ओळीत कोंबलेली फाइल नीट मांडून देतं. पण ते जड आहे, चार जीबी रॅमच्या मशीनला घाम फुटतो. अशा मशीनसाठी जीनी बघा. मिंटमधला स्वतःचा एक्सएड नावाचा एडिटर छोट्या दुरुस्तीला पुरतो. नोटपॅड प्लस प्लस फक्त विंडोजचं आहे. वाइन नावाच्या जोडणीतून ते लिनक्सवर चालवता येतं, पण नव्याने शिकणाऱ्याने त्या वाटेला का जावं, मला कळत नाही. कोणी मॅककडे जात असेल तर कॉटएडिटर हा मोफत आणि सुटसुटीत आहे.

जेसनमध्ये एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा, अवतरण चिन्हं. "०७" असं अवतरणात असेल तर तो मजकूर, शून्य सुरक्षित. अवतरण काढून नुसतं ०७ लिहिलं तर जेसनच्या नियमानेच ती फाइल चुकीची ठरते. जीएसटीच्या फाइलीत महिनासुद्धा ०४२०२६ असा अवतरणात असतो. म्हणून जेसन कधीही वर्डमध्ये किंवा रायटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. टाइप करताना ते सरळ अवतरणांची वाकडी, सुंदर अवतरणं करतात आणि पोर्टलला सुंदर काही कळत नाही.

आणि रिटर्नची जेसन हाताने दुरुस्त करायची सवय लावूच नका. ती तुमची सरकारपुढची मांडणी आहे. चूक ज्या बिलात आहे ते बिल मूळ सॉफ्टवेअरमध्ये सुधारा, फाइल नव्याने काढा. टॅलीच्या एक्सएमएलचंही तेच. "जेसन टू एक्सेल फ्री" अशा वेबसाइटवर तर ती अजिबात टाकू नका. त्यात तुमच्या सगळ्या खरेदीदारांचे जीएसटी क्रमांक आणि तुम्ही कोणाला किती रुपयांचा माल देता ते लिहिलेलं असतं. धंद्याचं गुपित असं फुकट वाटतात का?

मराठी नावांचं बघू. ग्राहकांची यादी मराठीत असेल आणि उघडल्यावर विचित्र चिन्हं दिसत असतील, तर दोन शक्यता. एक, फाइल यूटीएफ-८ आहे आणि प्रोग्रॅमने वेगळी समजून उघडली. त्यावर उपाय वरच्या खिडकीतच आहे. लिबरऑफिसमधून सेव्ह केलेली यादी दुसऱ्याच्या एक्सेलमध्ये अशी दिसली, तर त्यालाही डबल क्लिकऐवजी डेटा मेनूतून उघडून यूटीएफ-८ निवडायला सांगा. दुसरी शक्यता जास्त त्रासाची: यादी जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिथे आत खरी मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी चिन्हांवर मराठी मुखवटा असतो. नव्या सिस्टीमवर तो फॉन्ट नाही, की मुखवटा गळून पडतो. अशा याद्या जुन्या मशीनवर विंडोज असेपर्यंतच युनिकोडमध्ये बदलून घ्या. नंतर फार खटपट होते.

आता जे येणार नाही त्याबद्दल स्पष्ट बोलू. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलंय. जीएसटीचं ऑफलाइन टूल विंडोजसाठीच दिलेलं आहे. ई-वे बिलाची बल्क जेसन बनवायचं शासकीय टूल म्हणजे मॅक्रो घातलेली एक्सेल फाइल, ती लिबरऑफिसमध्ये धड चालेल यावर विसंबू नका. पण बिलं मोजकीच असतील तर जीएसटी पोर्टल आणि ई-वे बिल पोर्टलवर ब्राउझरमधून थेट भरता येतात, आणि ब्राउझर लिनक्सवरही तोच आहे. बिलं जास्त असतील, टॅली रोज लागत असेल, तर एक विंडोज मशीन ठेवा किंवा ते काम तुमच्या अकाउंटंटच्या मशीनवर होऊ द्या. अशा धंद्याला मी पूर्ण लिनक्स सुचवणार नाही.

लिनक्समध्ये फाइलीच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर वेगळं धरलं जातं, हेही लक्षात असू द्या. एकाच फोल्डरमध्ये "बिल" नावाच्या दोन फायली, एकीचं पहिलं अक्षर मोठं, दुसरीचं लहान, आरामात शेजारी बसतात. चुकून जुनी पाठवली जाते.

बदलायचं कधी? मार्च ते मे अजिबात नाही. हंगामात पेट्या निघत असताना कोणी मशीन उघडून बसत नाही. जूनची तिमाही संपते, १३ जुलैला रिटर्न जातं, बाहेर पाऊस लागलेला असतो, ते दिवस यासाठी उत्तम. म्हणजे लिबरऑफिस, केट आणि फायरफॉक्स पावसाच्या सुरुवातीलाच विंडोजवर टाकून ठेवा.

आणि बदलायच्या आधी ही चाचणी करा. पाच ओळींची एक सीएसव्ही बनवा. तिच्यात एक ०८०४, एक ०७, एक १३ अंकी बारकोड, एक १६ अंकी आकडा, ०५-०४-२०२६ ही तारीख, मार्चचा तो लॉट कोड आणि एक जोडाक्षरवालं मराठी नाव, समजा "श्रीकृष्ण", असं सगळं असू द्या. ती नव्या अ‍ॅपमध्ये उघडा, एक मोकळी ओळ टाका, सेव्ह करा, बंद करा. मग ती केटमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, उघडा आणि एकेक खण मूळ कागदाशी ताडून पाहा. कॅल्कमध्येच पुन्हा उघडून तपासलंत तर तो परत स्वतःच्याच चष्म्यातून दाखवेल. सगळं जुळलं की मगच मिंटचा पेनड्राइव्ह लावा, आणि लावायच्या आधी मूळ फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क मशीनपासून वेगळी करून ठेवा.